हार्ड डिस्कचा आवाज व दुरुस्ती

संगणकातील माहिती विद्युत् पुरवठा बंद झाल्यावरही टिकून राहावी यासाठी वापरल्या जाणाऱ्या, वेगाने फिरणाऱ्या चुंबकीय चकत्यांच्या बंदिस्त साधनास हार्ड डिस्क म्हणतात. घरगुती संगणकातील जी थोडी अंगे प्रत्यक्ष हलती असतात, त्यांत पंखा व हार्ड डिस्क ही प्रमुख होत. त्यामुळे संगणकाचा बहुतेक आवाज या दोहोंपासूनच निघतो. पंखा बिघडल्यास तो बदलता येतो व नुकसान अल्प होते. हार्ड डिस्क मात्र बिघडल्यास तीतील हिशेब, पत्रव्यवहार, छायाचित्रे व लेखन नष्ट होण्याचा संभव असतो. म्हणून डिस्कच्या आवाजाचा विचार करताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात : केवळ कानाला त्रास देणारा, बसवणुकीतील दोषाने उद्‍भवणारा आवाज व अंतर्गत झीज किंवा मोडतोड दर्शविणारा आवाज. पहिला घरी दूर करता येतो. दुसऱ्या बाबतीत डिस्क दुरुस्त करणे हे उद्दिष्ट नसून तीतील माहिती वेळेवर बाहेर काढणे हे असते.

इतिहास : आय.बी.एम. या अमेरिकी कंपनीने १९५६ मध्ये रॅमॅक या संगणक प्रणालीबरोबर पहिली व्यापारी हार्ड डिस्क आणली. तीत सु. ६१ सेंमी. व्यासाच्या ५० चकत्या मिनिटास १,२०० फेरे या वेगाने फिरत व त्यांवर सु. ५० लक्ष अक्षरे मावत. वाचन-लेखन शीर्ष चकतीपासून अलग ठेवण्यासाठी दाबाखालील हवा सोडावी लागे. १९७३ मध्ये त्याच कंपनीने शीर्षे व चकत्या एकाच बंद आवरणात ठेवणारी विंचेस्टर पद्धती प्रचारात आणली. आजच्या हार्ड डिस्कची मूळ कल्पना हीच आहे. शुगार्ट टेक्नॉलॉजी (नंतरची सीगेट) या कंपनीने १९८० मध्ये ५ मेगॅबाइट क्षमतेची, सव्वापाच इंची आकाराची लहान डिस्क तयार केली आणि १९८३ मध्ये आय.बी.एम.च्या एक्सटी या वैयक्तिक संगणकात १० मेगॅबाइटची डिस्क बसविलेली आली. यानंतर हे साधन कचेरीतून घरात पोहोचले. आवाजाच्या दृष्टीने महत्त्वाचा बदल २००१ च्या सुमारास झाला. तोपर्यंत चकत्यांचा आस पोलादी गोळ्यांच्या धारव्यांवर (बेअरिंगवर) फिरत असे. त्यांच्या जागी तेलाच्या पातळ थरावर आस तोलून धरणारे द्रव धारवे घरगुती डिस्कमध्ये रूढ होऊ लागले आणि डिस्क लक्षणीयपणे शांत झाल्या.

रचना व कार्य : घरगुती मेजावरच्या संगणकातील साडेतीन इंची डिस्कमध्ये सु. ९५ मिमी. व्यासाच्या एक किंवा अधिक चकत्या एका आसावर पक्क्या बसविलेल्या असतात. चकत्या ॲल्युमिनियमाच्या मिश्रधातूच्या किंवा काचेच्या असून त्यांवर चुंबकीय द्रव्याचा अतिशय पातळ लेप, त्यावर कार्बनाचा संरक्षक थर व वंगणाचा सूक्ष्म थर असतो. आस फिरविणारे चलित्र सामान्यतः मिनिटास ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते. ७,२०० फेऱ्यांच्या डिस्कमध्ये चकतीचा कडेचा वेग सेकंदास सु. ३६ मी., म्हणजे ताशी सु. १२९ किमी. होतो. या वेगाने चकतीबरोबर ओढल्या जाणाऱ्या हवेच्या थरावर वाचन-लेखन शीर्ष तरंगते. आधुनिक डिस्कमध्ये शीर्ष व चकती यांतील अंतर काही नॅनोमीटर इतकेच असते. धुराचा कण या अंतराच्या अनेक पट व माणसाचा केस हजारो पट जाड असतो.

शीर्षे एका हलक्या बाहूच्या टोकांवर असतात. बाहूच्या दुसऱ्या टोकाशी तारेचे वेटोळे असून ते प्रबळ कायम चुंबकांच्या क्षेत्रात असते. वेटोळ्यातून जाणाऱ्या प्रवाहानुसार बाहू चकतीवरून इकडून तिकडे झुलतो. ध्वनिवर्धकाचा पडदा हालविणारी यंत्रणा याच तत्त्वावर चालते. त्यामुळे बाहूच्या झटपट हालचालींतून आवाज निघावा हे स्वाभाविक आहे. आपण कोठे आहोत हे शीर्षाला चकतीवर कारखान्यातच कोरलेल्या स्थानदर्शक खुणा वाचून कळते. विद्युत् पुरवठा बंद होताच शीर्षे चकतीवरील राखीव पट्ट्यावर किंवा चकतीबाहेरील उतरंडीवर परत नेली जातात. पुरवठा अचानक तुटला, तर फिरत असलेल्या चकत्यांच्या गतिज ऊर्जेपासून चलित्र क्षणभर जनित्राप्रमाणे वीज निर्माण करते व तिच्या बळावर शीर्षे मागे घेतली जातात.

आवरण बंद असले, तरी नेहमीच्या डिस्कमध्ये ते हवाबंद नसते. आतील व बाहेरील दाब सारखा राहावा म्हणून गाळणी बसविलेले एक बारीक छिद्र असते. ते झाकू नये अशी सूचना बहुधा आवरणावरच छापलेली असते. २०१३ पासून बाजारात आलेल्या हीलियम भरलेल्या डिस्क याला अपवाद असून त्या पूर्ण हवाबंद असतात.

आवाजाचे प्रकार : निरोगी डिस्कचे आवाज तीन. चालू होताना चढत जाणारा व काही सेकंदांत स्थिरावणारा घोंघावण्याचा स्वर. काम चालू असताना बाहूच्या हालचालींचा तुटक, हलका खडखडाट. आणि बंद होताना शीर्षे जागेवर बसल्याचा एकच टक् असा आवाज. यांत बदल झाला, तरच त्याकडे लक्ष द्यावे लागते.

(१) एकसुरी गुणगुण : ७,२०० फेऱ्यांची डिस्क सेकंदास १२० वेळा व ५,४०० फेऱ्यांची ९० वेळा फिरते. चकत्यांचा समतोल कितीही काटेकोर साधला, तरी या कंप्रतेचे अल्प कंपन शिल्लक राहते. संगणकाच्या पेटीचा पातळ पत्रा त्या कंप्रतेस अनुस्पंदित होत असल्यास मुळात मंद असलेला आवाज मोठा होतो. एकाच पेटीत दोन डिस्क असून त्यांचे वेग किंचित भिन्न असल्यास गुणगुण काही सेकंदांच्या अंतराने चढते व उतरते. हा दोष डिस्कचा नसून बसवणुकीचा होय.

(२) तीव्र किंवा घासल्यासारखा सतत स्वर : गोळ्यांच्या धारव्यांच्या जुन्या डिस्कमध्ये धारवे झिजले की स्वर हळूहळू तीव्र होत जातो. अशी डिस्क कित्येक महिने चालूही शकते. मात्र तिचे आयुष्य उताराला लागलेले असते. सूपात खडे घोळावेत तसा करकर आवाज अचानक निघाल्यास शीर्ष चकतीला टेकले असण्याचा संभव असतो. अशा वेळी प्रत्येक फेऱ्याबरोबर चुंबकीय लेप खरवडला जातो व सुटलेली भुकटी इतर शीर्षांखाली जाते.

(३) ठराविक अंतराने पडणारी टकटक : शीर्षाला स्थानदर्शक खुणा वाचता न आल्यास बाहू आरंभस्थानी परत येतो, पुन्हा प्रयत्न करतो व पुन्हा परततो. घड्याळासारखी नियमित टकटक हे याचे लक्षण असून ते शीर्ष, त्याचे विवर्धक मंडल किंवा चकतीचा पृष्ठभाग यांपैकी एकात गंभीर बिघाड दर्शविते. क्वचित अपुऱ्या विद्युत् दाबामुळेही हीच लक्षणे दिसतात.

(४) सूक्ष्म पिंपिं किंवा गुरगुर व त्यानंतर शांतता : चलित्र चकत्या फिरविण्याचा प्रयत्न करते, पण त्या हलत नाहीत. शीर्षे चकतीस चिकटणे किंवा धारवा घट्ट होणे ही याची सामान्य कारणे होत.

निदान : आवाज कोठून येतो हे प्रथम निश्चित करावे. पंख्याचा आवाज संगणक चालू आहे तोवर अखंड असतो व पात्यांवर धूळ साचल्यास वाढतो. डिस्कचा खडखडाट फाइल उघडताना किंवा साठविताना होतो. पुरवठा पूर्ण बंद करून डिस्कला जाणारी वीज व माहिती यांची जोडणी काढावी आणि संगणक पुन्हा चालू करून ऐकावे. आवाज थांबला, तर तो डिस्कचाच समजावा. चालू डिस्क हालविणे, उचलणे वा उलटी करणे धोक्याचे असते. बंद केल्यावरही चकत्या थांबण्यास सु. अर्धा मिनिट द्यावा.

१९९० नंतरच्या दशकात प्रचारात आलेल्या ‘स्मार्ट’ या योजनेनुसार डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते आणि ती साध्या आज्ञावलीच्या साहाय्याने वाचता येते. बदली दिलेले खंड, वाचनाच्या प्रतीक्षेत असलेले संशयित खंड व चकत्या फिरविण्याचे फसलेले प्रयत्न या तीन नोंदी महत्त्वाच्या असतात. जोडतारेतील चुकांची नोंद वाढत असल्यास दोष बहुधा तारेत असतो. या नोंदी निर्दोष असल्या, तरी निर्धास्त राहता येत नाही. २००७ मध्ये गूगलच्या संशोधकांनी एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात निकामी झालेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कमध्ये, सर्वांत सूचक मानलेल्या चार नोंदींपैकी एकीतही आधी काही आढळले नव्हते. म्हणून आवाजातील बदल हे, कोऱ्या नोंदपत्रकापेक्षा अधिक विश्वसनीय लक्षण मानावे.

निरुपद्रवी आवाजावरील उपाय : डिस्क चारही स्क्रूंनी घट्ट बसली आहे, हे पाहावे, दोनच स्क्रू लावण्याची पद्धत कंपनास कारण होते. स्क्रू मूळ लांबीचेच वापरावेत, कारण लांब स्क्रू आतील भागास इजा करू शकतो. स्क्रू व पत्रा यांमध्ये रबरी चकत्या घातल्यास कंपन पेटीकडे जाण्यास अटकाव होतो. पेटीची सैल झाकणे आवळावीत, पेटी पोकळ लाकडी मेजाऐवजी भक्कम पृष्ठभागावर ठेवावी व तिच्याखाली रबरी पाय असावेत. काही जुन्या डिस्कमध्ये बाहूची हालचाल सौम्य करणारी व्यवस्था असून ती आज्ञावलीने चालू करता येते. आवाज घटतो, तथापि वेगही थोडा कमी होतो. आवाज कोंडण्यासाठी डिस्कभोवती स्पंज वा कापड गुंडाळू नये. उत्पादक बहुधा ६०° से. ही तपमानाची वरची मर्यादा सांगतात आणि उन्हाळ्यात बंद पेटीतील गुंडाळलेली डिस्क ती सहज ओलांडते.

कंपनाचा परिणाम उलट दिशेनेही होतो. २००८ मध्ये ब्रेंडन ग्रेग या अभियंत्याने डिस्कच्या संचासमोर मोठ्याने ओरडून दाखविले, तेव्हा त्या डिस्कना माहिती लिहिण्यास लागणारा वेळ वाढल्याचे आलेखावर स्पष्ट दिसले. ध्वनिवर्धक वा शिवणयंत्र संगणकाच्याच मेजावर असू नये, याचे कारण हेच.

बिघडलेल्या डिस्कमधील माहितीची सुटका : घासण्याचा, टकटकीचा किंवा पिंपिं आवाज आल्यास संगणक तत्काळ बंद करावा. ‘आणखी एकदा चालू करून पाहू’ या मोहाने सर्वाधिक माहिती नष्ट होते. टकटक असली तरी डिस्क ओळखली जात असेल आणि तीतील मजकूर अमोल नसेल, तर एकदाच चालू करून सर्वांत महत्त्वाच्या फाइली प्रथम दुसऱ्या साधनावर उतरवाव्यात. संपूर्ण डिस्कची प्रतिकृती घेण्यासाठी जी.एन.यू. डीडीरेस्क्यू यासारखी आज्ञावली वापरतात. ती सुलभ भाग आधी उतरवून अवघड भाग शेवटी ठेवते, त्यामुळे डिस्क मध्येच बंद पडली तरी बरेच हाती लागलेले असते. दोष शोधून दुरुस्त करणारी नेहमीची आज्ञावली अशा वेळी चालवू नये, कारण ती मरणोन्मुख डिस्कवर पुन्हा लेखन करते. माहिती अमोल असल्यास हे प्रयत्न न करता डिस्क माहिती-पुनर्प्राप्तीच्या प्रयोगशाळेकडे द्यावी. तेथे गाळलेल्या हवेच्या स्वच्छ कक्षात त्याच प्रतिमानाच्या दुसऱ्या डिस्कमधील शीर्षे बसवून मजकूर एकदाच वाचून घेतात. ती डिस्क त्यानंतर नित्य वापरासाठी नसते.

काही घरगुती उपाय सर्वत्र सांगितले जातात. ते टाळणे इष्ट. डिस्क शीतकपाटात ठेवल्यास बाहेर काढताच तिच्या थंड भागांवर बाष्प जमते. ठोकल्याने चिकटलेले शीर्ष सुटण्याऐवजी तुटू शकते. खालची विद्युत् मंडलाची पट्टी दुसऱ्या डिस्कवरून आणून बसविणे जुन्या डिस्कमध्ये कधी कधी साधत असे. आधुनिक डिस्कमध्ये प्रत्येकीचे स्वतंत्र जुळणीचे आकडे त्या पट्टीवरील स्मरणघटकात साठविलेले असल्याने तो घटकही हालवावा लागतो. झाकण उघडून वंगण घालणे हा तर सर्वांत घातक उपाय होय.

या शेवटच्या चुकीमागे एक योग्य सवय असते. अंबरनाथसारख्या, आयुध निर्माणी, यंत्र-अवजारांचा कारखाना व औद्योगिक वसाहत असलेल्या गावात यंत्राच्या आवाजावरून धारव्याची स्थिती ओळखणारे कसबी कामगार पिढ्यान्‌पिढ्या आहेत. लेथचा धारवा वाजू लागला की तो उघडणे, धुणे, वंगण देणे वा बदलणे हीच रीत असते. डिस्कच्या बाबतीत त्या कामगाराचा कान तितकाच उपयोगी पडतो. हात मात्र आवरावा लागतो. लेथमधील फटी मिलिमीटराच्या शतांशांत किंवा सहस्रांशांत मोजतात, तर डिस्कमधील अंतर त्याहून शेकडो ते हजारो पट लहान असते आणि खोलीतील हवेत नेहमी तरंगणारी धूळ तेथे खडकासारखी ठरते.

महाराष्ट्रातील परिस्थिती : हार्ड डिस्कचे आयुष्य तिच्या घडणीप्रमाणेच स्थानिक वीज व हवामान यांवरही अवलंबून असते. बुवापाड्यासह अंबरनाथ, उल्हासनगर व बदलापूर हा पट्टा महाराष्ट्र राज्य वीज वितरण कंपनीच्या पुरवठाक्षेत्रात येतो. घरगुती संगणकांचा प्रसार वेगाने होत होता त्याच काळात, म्हणजे २००५ नंतरच्या काही वर्षांत, मुंबई शहराबाहेरील राज्यात भारनियमन मोठ्या प्रमाणावर होते. वीज अवचित गेल्यावर शीर्षे आणीबाणीने मागे घ्यावी लागतात व हा प्रकार नेहमीच्या बंद करण्यापेक्षा यंत्रणेस अधिक ताण देणारा असतो. शिवाय लेखन अर्धवट राहिल्याने फाइली बिघडतात. बॅटरीवर चालणारा अखंड वीजपुरवठा संच व योग्य भूसंपर्कन (अर्थिंग) हे यावरील उपाय होत. भूसंपर्कन नसलेल्या घरात डिस्क पुनःपुन्हा बिघडत असल्यास नवी डिस्क घेण्यापूर्वी विद्युत् जोडणी तपासून घ्यावी.

कोकणपट्टीच्या दमट हवेत मंडलाच्या पट्टीवरील उघडे संपर्कबिंदू काळवंडतात; कारखान्यांच्या परिसरातील गंधकयुक्त वायूंनी चांदी व तांबे यांचे गंजणे वाढते. बाहेरील बाजूच्या संपर्कांची अशी मळी तज्ञाने अल्कोहॉलाने पुसल्यास डिस्क कधी कधी पूर्ववत चालते. पावसाळ्यात बराच काळ बंद असलेला संगणक आठवड्यातून एकदा काही वेळ चालू ठेवणे हिताचे असते.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस पडला. उल्हास व वालधुनी या नद्यांना आलेल्या पुरात बदलापूर, उल्हासनगर, कल्याण या परिसरातील सखल वस्त्यांत पाणी शिरले. संगणकाची पेटी बहुधा जमिनीलगत असते; म्हणून घरात गुडघाभर पाणी आले तरी डिस्क बुडते. दाबाच्या छिद्रातून शिरलेले पाणी आटल्यावर गाळ व क्षार चकतीवर मागे राहतात. बुडालेली डिस्क वाळवून चालू करून पाहणे, उन्हात ठेवणे वा उष्ण हवेने सुकविणे या गोष्टी टाळाव्यात. ती ओलसर स्थितीतच पिशवीत घालून प्रयोगशाळेकडे द्यावी, म्हणजे गाळ चकतीवर सुकून घट्ट बसत नाही. पूरप्रवण भागात पेटी उंचावर ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय.

मराठी मजकुराच्या बाबतीत आणखी एक दक्षता घ्यावी लागते. युनिकोड ही सर्वमान्य संकेतपद्धती रूढ होण्यापूर्वी मराठी लेखन, हिशेब व छपाईची कामे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकची आय.एस.एम. यांसारख्या भिन्न भिन्न प्रणालींत होत. अशा फाइली डिस्कमधून सुखरूप निघाल्या, तरी मूळ अक्षरसंच नसल्यास पडद्यावर अर्थहीन रोमन अक्षरे उमटतात. म्हणून जुन्या डिस्कची प्रत घेताना केवळ लेख न घेता त्यांचे अक्षरसंचही घ्यावेत व शक्य तितक्या लवकर मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा. ग्रामसंस्था, वाचनालये व लहान मुद्रणालये यांच्या जुन्या संगणकांत असा पुष्कळ मजकूर एकाच प्रतीत असतो.

दक्षता व निरोप : माहितीच्या तीन प्रती, दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर व त्यांपैकी एक घराबाहेर, असा नियम सर्वसाधारणपणे सांगितला जातो. पूर, आग वा चोरी यांत घरातील सर्व प्रती एकदम जाऊ शकतात हे त्यामागील कारण होय. मुंबईतील लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांतून वापरलेली डिस्क घेताना तिच्या चालण्याच्या एकूण तासांची नोंद पाहावी. निकामी डिस्क टाकून देण्यापूर्वी चकत्यांवरील मजकूर पुसावा किंवा चकत्या मोडाव्यात व डिस्क अधिकृत इलेक्ट्रॉनीय कचरा-संकलकाकडेच द्यावी. यासंबंधीचे पहिले स्वतंत्र नियम भारतात १ मे २०१२ पासून अंमलात आले असून त्यांची सुधारित आवृत्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे.

घरगुती संगणकात आता हलते भाग नसलेल्या घन-अवस्था स्मरण साधनांनी (एसएसडीने) हार्ड डिस्कची जागा बऱ्याच अंशी घेतली आहे. त्यांचा वेग अधिक असून धक्के व कंपन यांचा त्यांना फारसा त्रास होत नाही. मोठ्या साठ्यासाठी मात्र हार्ड डिस्क अद्याप स्वस्त पडते व माहिती-केंद्रांत ती मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. घन-अवस्था साधन निःशब्द असल्याने बिघाडाची कानाला कळणारी पूर्वसूचना त्याच्यापासून मिळत नाही. ते पुष्कळदा एकाएकी बंद पडते. त्यामुळे वेळोवेळी प्रत घेण्याची गरज त्याच्या वापराने कमी होत नाही, उलट वाढते.